सहाव्याची ढाल

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं गाव 'सहाव्या' म्हणतं. नवीन माणसाला वाटतं, आईबापांचा सहावा मुलगा असेल, नाहीतर हाताला सहावं बोट असेल. तसं काही नाही. भाऊजी एकुलते एक, आणि बोटं जेवढी असायला हवीत तेवढीच आहेत. हे नाव त्यांना एका शर्यतीने दिलं, आणि एकदा पडलेलं नाव पुसायला रबर मिळत नाही. मित्र तोंडावर म्हणतात, विद्यार्थी पाठीमागे म्हणतात, आणि मी मनातल्या मनात म्हणतो, तेही त्यांचा राग आला की. राग मला वरचेवर येतो. माणूस लाखात एक आहे, म्हणून तर जास्त येतो.

मी शिंपी. दुकान वडिलांचं, विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर. विद्यापीठ म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. टेकडीच्या पायथ्याशी चार इमारती, एक वाचनालय आणि एक तिरपं मैदान. मैदान इतकं तिरपं की एका फेरीत पोरांना चढही लागतो आणि उतारही. क्रीडा विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक गोदाम, तिथे ओल्या बुटांचा आणि मलमाचा वास कायमचा मुक्कामाला. पण त्या दोन खोल्यांनी काय काय करून दाखवलंय! स्वतःचा तलाव नाही, तरी पोहणाऱ्यांचा संघ होता; गावच्या तलावात गर्दीच्या आधी सराव करून त्यातली एक मुलगी देशात तिसरी आली. हातोडाफेकीत एक धिप्पाड पोरगी होती, तिने विद्यापीठांच्या स्पर्धेत लागोपाठ सुवर्ण आणलं. तिचा सराव असला की माझे वडील दुकानाचं पुढचं दार लावून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला मागच्या दाराने बोलवायचे. फी भरायच्या खिडकीशेजारी काचेचं कपाट आहे, ते पेल्यांनी आणि चषकांनी गच्च भरलंय. फक्त त्यातल्या बहुतेकांवर 'उपविजेते' असं कोरलंय. वडील म्हणायचे, "विद्यापीठाचं नावच 'उपविजेते' ठेवून टाका, पाटी रंगवायला सोपी."

भाऊजी क्रॉस कंट्रीचे. ही शर्यत मैदानावर नसते. टेकडी, ओढा, माळ, चिखल, जे आडवं येईल त्यातून धावायचं. संघात सात जण असतात, आणि त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मोजून बेरीज करतात. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, फिरती ढाल त्यांची. सहावा-सातवा बेरजेत धरत नाहीत. मात्र तो दुसऱ्या संघातल्या कुणाच्या पुढे आला, तर त्याचा क्रमांक एकाने मागे ढकलतो. एवढं समजलं की भाऊजींचं सगळं आयुष्य समजलं.

शिकत होते तेव्हाच्या शेवटच्या वर्षी त्यांचा संघ फार जोरात होता. चार जण ठरलेले, वाऱ्याशी स्पर्धा करणारे. पाचव्या जागेसाठी भाऊजी आणि त्यांचा मित्र यांची नेहमी खेचाखेच. मित्र उंच, मान पुढे काढून पळणारा, म्हणून त्याचं नाव 'उंट'. त्या दिवशी आदल्या पावसाने रस्ता असा झाला होता की धावणाऱ्यांच्या जर्सीचा मूळ रंग देवालाही सांगता आला नसता. शेवटच्या चढावर भाऊजींना पुढे एक उंच गडी दिसला, मान पुढे काढलेला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. त्यांनी मनात हिशेब केला: चार आपले पुढे गेलेले, हा उंट पाचवा, म्हणजे आपण सहावे. पोटात कळ येत होती, पाय जड झाले होते. आपला आकडा कुणी धरणारच नाही, मग जीव कशाला काढायचा? त्यांनी वेग कमी केला. तिघे जण त्यांना मागे टाकून गेले आणि त्यांनी जाऊ दिलं.

शर्यत संपल्यावर त्या उंच गड्याने नळाखाली डोकं धरलं, तेव्हा चिखलाखालून शहरातल्या मोठ्या विद्यापीठाचा पोरगा निघाला. खरा उंट ओढ्यात पाय मुरगळून मागून लंगडत येत होता. पाचवे भाऊजीच होते. ढाल दोन गुणांनी गेली, आणि गेली ती त्या मोठ्या विद्यापीठाकडेच.

सगळ्यात जास्त हसला तो उंट. म्हणाला, "अरे, इतकी वर्षं माझ्या मागे धावतोस आणि तुला माझी पाठ ओळखता येत नाही?" आणि तिथेच त्याने नाव ठेवलं, सहाव्या. बाकीचेही हसले, हरलेल्या पोरांना हसण्यावाचून दुसरं काय सुचणार? फक्त त्यांचे प्रशिक्षक हसले नाहीत. ते शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाले, "आणि खरंच सहावा असतास, तरी तिघांना पुढे सोडायचं होतं का?" भाऊजींच्या मनात रुतलं ते हे वाक्य. बाकी सगळे हसले ते डोळ्यांच्या चुकीला, पण हे वाक्य काळजाबद्दल होतं.

त्यानंतर लवकरच ते आमच्या दुकानात आले. मी तेव्हा शाळेत होतो, बटणांच्या डब्याशी खेळत बसलेला. वडिलांना त्यांनी विचारलं, "चिखलात उठून दिसेल असा रंग कुठला?"

वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "चिखलात चिखलच दिसतो, बाबा. त्याच्यापुढे कुणाचा रंग टिकलाय?"

माझी ताई कोपऱ्यात बटणांची काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "जर्सीचं सोडा. कपाळाला पट्टी बांधा. कपाळापर्यंत चिखल गेला, तर तो माणूस धावत नसेल, पडलेला असेल."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग पिवळ्या पट्ट्या ठरल्या, त्यांची मापं घ्यायला ते रोज येऊ लागले. कपाळपट्टीला कितीदा मापं लागतात हे मी आजवर इतर कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. वडील पुढे सगळ्यांना सांगायचे, "कापड एवढंसं गेलं, पण पोरगी गेली."

लग्नाच्या आधी भाऊजींनी ताईला एक गोष्ट साफ सांगितली. क्रीडा विभागात त्यांना सहायक प्रशिक्षकाची नोकरी मिळाली होती. म्हणाले, "मला तिथे जन्म काढायचा नाही. माझ्यामुळे गेलेली ढाल मला परत आणायचीय. ती आणली की तू म्हणशील तिथे जाऊ, तू म्हणशील तसं राहू." ताईला त्यात वावगं काही वाटलं नाही. तरुण माणसाला एखादं वेड असावं, असंच तिला वाटलं. तिने विचार केला, एक-दोन वर्षांचं तर काम.

सुरुवातीची वर्षं खरंच छान गेली. मैदानाजवळ दोन खोल्या घेतल्या. ताई शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होती. पुस्तक गुडघ्यावर आणि शेगडीवर पोरांच्या ओल्या मोज्यांच्या दोऱ्या, असा संसार. मुलगी झाली. रविवारी अर्धा संघ त्यांच्याकडे चहाला असायचा आणि कप कमी पडायचे, म्हणून मी दुकानातून पेले घेऊन जायचो.

मग ताईला शहरातल्या एका मोठ्या शाळेत नोकरी लागली, राहायच्या जागेसकट. आणि नशिबाने असा योग जुळवला की त्याच महिन्यात शहरातल्या मोठ्या विद्यापीठाने भाऊजींनाही बोलावलं, प्रशिक्षक म्हणून. मला आठवतं, दुकानाच्या मागच्या खोलीत बोलणं चाललं होतं आणि वडील मशीन थांबवून ऐकत होते.

"त्यांच्याकडे जाऊन काय करू?" भाऊजी म्हणाले. "तीच ढाल पुसत बसू? माझी गेलेली ढाल त्यांच्या भिंतीवर आहे."

"ढाल भिंतीवर आहे, आणि मी इथे बसलेय," ताई म्हणाली.

"फक्त यंदा. यंदाचा संघ बघितलास ना? यंदा आलीच ढाल असं समज. तू पुढे हो, जागा लाव, मी आलोच."

ताई पुढे झाली. तिची पेटी बसच्या टपावर मीच चढवली. भाची खिडकीतून हात हलवत होती आणि भाऊजी बसच्या बरोबरीने फाटकापासून पार चौकापर्यंत धावले. धावण्यात ते कधीच कमी नव्हते.

त्या वर्षी तिसरे आले. पुढच्या वर्षी दुसरे. त्याच्या पुढच्या वर्षी निम्मा संघ तापाने अंथरुणावर. मग एक विलक्षण पोरगा मिळाला, हरणासारखा, तर मोठ्या विद्यापीठाने त्याला उचलून नेलं, आणि तिथे जायची शिफारस भाऊजींनीच लिहून दिली होती. मी चिडलो तर म्हणाले, "पोराचं भलं मी अडवू का?" पोराचं नाही अडवलं. स्वतःचं अडवून ठेवलं, बायकोचं अडवून ठेवलं. आमच्या घरात 'यंदा' या शब्दाचा अर्थच बदलला. मी नळ दुरुस्त करतो म्हणालो की माझी बायको विचारायची, "कधी? भाऊजींच्या यंदा?"

दर रविवारी फोन व्हायचा. ताई सुट्टीत यायची, भाऊजी हंगाम नसला की जायचे. पण मैदानी खेळांत हंगाम नसतो असं कधी होतच नाही. एक संपला की दुसऱ्याची तयारी. ताई आधी भांडली. मग समजावू लागली. "राहू द्या ना यंदा ती ढाल. नुसते या." भाऊजी म्हणायचे, "अगं, आता इतक्या जवळ आलोय." मुलीच्या शाळेचं संमेलन, वाढदिवस, घर बदलणं, सगळं कुठल्या ना कुठल्या शर्यतीच्या दिवशीच पडायचं. माणूस वाईट असता तर ताईला सोपं गेलं असतं. व्यसन नाही, बाहेर काही नाही, बोलणं गोड. फक्त घरी नाही.

प्रशिक्षक म्हणून त्यांची एक रीत होती, ती आमच्या विद्यापीठातच, दुसरीकडे कुठे नाही. शर्यत चालू असताना ते आडवाटांनी पळत पळत एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जायचे, आणि पिवळी पट्टी दिसली की ओरडायचे, "तू पाचवा! तुझ्यावर आहे!" पहिल्या पोरालाही तेच, सातव्यालाही तेच. सगळ्यांना ठाऊक होतं की हे धादांत खोटं आहे. नवीन पोरांना जुनी पोरं ते आधीच सांगून ठेवायची. तरी कानावर पडलं की पाय उचलले जायचे म्हणे. या एका खोट्यावर त्यांनी आमच्या चिमुकल्या विद्यापीठाला कितीतरी पदकं मिळवून दिली. वर्तमानपत्रात फोटो आले, मोठे लोक हात मिळवून गेले. तीन पोरं देशाकडून धावली. कपाट पुरेना म्हणून दुसरं आणलं. ढाल तेवढी त्यात नव्हती.

एकदा उंट गावी आला होता. तो आता दातांचा डॉक्टर, पोट सुटलेलं, मान मात्र तशीच पुढे. जेवताना भाऊजींनी ढालीचा विषय काढला, तर तो म्हणाला, "अरे, अजून तेच? मला तर वाटत होतं आपण तिसरे आलो होतो."

"दुसरे," भाऊजी म्हणाले. "दोन गुणांनी."

"असेल बाबा. मी चेष्टेत एक नाव ठेवलं, ते तू इतकी वर्षं धुऊन-वाळवून वापरतोस? आम्हा कुणाच्या ध्यानीमनी नाही रे."

दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात येऊन बसले, तोंड एवढंसं झालेलं. "उंटाला आठवत नाही," म्हणाले. मी कात्री चालवत म्हणालो, "मग सुटलात की! ज्यांची ढाल गेली त्यांनाच पत्ता नाही. करा फोन ताईला आणि निघा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचा खिसा कापला. तो क्षण खरं तर त्यांच्या सुटकेचा होता, फाटक उघडं होतं. पण इतकी वर्षं ज्या भाराखाली काढली तो भार कुणाचाच नव्हता, हे मान्य करणं त्यांना जमलं नाही. आणि मी तरी किती ओढणार? मेव्हणा तो मेव्हणा.

मग ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तारीख डॉक्टरांनी दिली, ती नेमकी अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशीची. भाऊजी सकाळीच हजर झाले, तिचा हात धरून बसले, तिला आत नेलं तेव्हा डोळे पुसत होते. ती शुद्धीवर आल्यावर तिच्या कपाळावर हात ठेवला आणि दुपारच्या बसने परत गेले. भाची बापाशी बोलली नाही, त्यांना सोडायला जिन्यापर्यंतही गेली नाही. मी खाटेजवळ बसलो होतो. मला तेव्हा इतका संताप आला होता की भाऊजींचं खरं नावही तोंडात येत नव्हतं.

ताई म्हणाली, "चिडू नकोस. मला नाही राग आला."

"कसा येत नाही?"

"तेच तर मघापासून शोधतेय," ती म्हणाली. "आधी जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, तेच आले. मग उठून बघायची. आता पावलं वाजतात आणि मी वाचत असते ते वाचत राहते."

 मी तिला पाणी दिलं. ती एवढी शांत कधीच नव्हती, आणि त्या शांतपणाची मला भांडणापेक्षा जास्त भीती वाटली. हे मी भाऊजींना सांगितलं, शब्दन्‌शब्द सांगितलं. ते म्हणाले, "यंदा नाही झालं तर सोडूनच देतो बघ." झालं नाही, आणि सोडलंही नाही.

शेवटी निवृत्तीचं वर्ष आलं. ताई आधीच मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती, शहरातच स्वतःचं छोटंसं घर घेतलं होतं. भाऊजींकडे आता मुलींचा संघ होता, आणि ती फिरती ढालही आता मुलींच्या शर्यतीला ठेवली होती. क्रॉस कंट्रीत मुली आल्या तेव्हा विद्यापीठात लोक हसले होते. पण दोन-चार वर्षांत या मुलींनी मुलांना मागे टाकलं. पुढच्या चौघी चपळ. पाचवी ठेंगणी, पण चिवट. आणि सहावी एक चष्मेवाली, ग्रंथपालाचं शिकणारी, धावताना चष्मा दोरीने डोक्याला बांधणारी. तिला संघात का घेतलं असं सगळे विचारायचे. भाऊजी म्हणायचे, "ती थांबत नाही."

शेवटची शर्यत म्हणून मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो. शेवटच्या वळणावर भाऊजींच्या शेजारी उभा राहिलो. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, तरी तीन वळणं पळून आले होते आणि धापा टाकत होते. आमच्या चौघी गेल्या, ठेंगणी गेली. मोठ्या विद्यापीठाच्याही चौघी गेल्या होत्या. त्यांची पाचवी येत होती, आणि तिच्या मागे, दात आवळून धावणारी चष्मेवाली.

"तू पाचवी! तुझ्यावर आहे!" भाऊजी ओरडले.

चष्मेवाली तशा धापेतही ओरडली, "सहावी आहे सर! माहितीय मला!" आणि पुढची पंचवीस-तीस पावलं ती अशी धावली की मी माझी टोपी हातात चुरगाळून टाकली. शेवटच्या रेषेच्या आधी तिने मोठ्या विद्यापीठाच्या त्या पाचवीला गाठलं आणि मागे टाकलं. त्यांची पाचवी एका क्रमांकाने मागे गेली. बेरीज लागली तेव्हा कळलं की ढाल आमची, एका गुणाने.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. विभागाचा शिपाई नाचत होता. मी भाऊजींना शोधलं तर ते त्याच वळणावर गवतात बसलेले. मला वाटलं, दमले असतील. मी म्हणालो, "उठा, आली ढाल!"

"ऐकलंस ना तिचं?" ते म्हणाले. "सहावी आहे हे तिला माहीत होतं. माहीत असून धावली." मग गवत उपटत राहिले. "मला इतकी वर्षं वाटत होतं, माझी चूक एवढीच की मी माणूस ओळखला नाही."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. ढाल हातात घेऊन फोटो काढला त्यात ते हसलेत, पण मला ते हसू खरं वाटत नाही.

त्याच संध्याकाळी ताईला फोन केला. मी जवळच होतो. "आली ढाल," ते म्हणाले. "मी येतो आता." ताई म्हणाली, "या." तेवढंच. भाऊजींनी मैदानाजवळच्या त्या दोन खोल्या आवरून रिकाम्या केल्या. इतक्या वर्षांचं सामान दोन बॅगा आणि एका खोक्यात मावलं. रविवारी मी त्यांना गाडीतून घेऊन निघालो. रस्ताभर ते बोलत होते. सकाळी ताईबरोबर फिरायला जायचं, बाजार आपण करायचा, मुलीला आणि नातवाला बोलावून घ्यायचं. नव्या नवरदेवासारखा उत्साह. मी त्यांच्यासाठी मनापासून खूश होतो, हे खरंच सांगतो.

ताईने दार उघडलं, तिचा चेहरा उजळला. "या. अभिनंदन." फोनवरचा फोटो तिने चष्मा लावून नीट पाहिला, विचारलं, "यातली सहावी कुठली?" चहा केला. घर स्वच्छ, खिडकीशी एकच आरामखुर्ची, तिच्याजवळ दिवा आणि पुस्तकांचा ढीग, कुंड्यांना पाणी घातलेलं. एका माणसाला हवं ते सगळं हाताशी होतं.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "चला, आता झालं. ठरल्याप्रमाणे. सामान खाली गाडीत आहे, आणतो वर."

"सामान नका आणू," ताई म्हणाली.

तिने ते इतक्या हळू म्हटलं की भाऊजींना वाटलं, जिना चढायला नको म्हणतेय. ते म्हणाले, "जड नाही गं, दोनच बॅगा."

"बसा," ती म्हणाली. "माझं ऐका. मी रागावलेली नाही. रागवायचं ते केव्हाच रागावून झालं, तुम्ही इथे नव्हता तेव्हा. मला एकटीने राहता येत नव्हतं हो. दाराला कडी लावताना हात थांबायचा. एकटीपुरता स्वयंपाक करताना रडू यायचं. फार कष्टाने शिकले मी. आता जमलंय, चांगलं जमलंय. ते मोडून पुन्हा दुसरं काही शिकायची ताकद राहिली नाही माझ्यात. तुम्ही या, जेवा, आजारी पडलात तर मी येईन, मला काही झालं तर तुम्ही या. पण राहायला नको."

भाऊजी माझ्याकडे बघू लागले, जणू यात काही चूक झालीय आणि ती मी दुरुस्त करून देणार आहे. मग म्हणाले, "पण ढाल आणली की येईन, असं ठरलं होतं आपलं."

"तुमचं ठरलं होतं," ताई म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. "मला काय करायची होती ढाल? हरून आला असतात तरी चाललं असतं मला. कुठल्याही वर्षी."

जेवण झालं. ताईने आग्रह करून वाढलं, भाऊजींनी पानात टाकलं नाही. निघताना तिने त्यांच्या कॉलरची घडी सरळ केली, आणि आम्ही जिना उतरलो.

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. शहर मागे पडलं, ऊन उतरायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्याही वर्षी, असंच म्हणाली ना रे ती?"

"हो," मी म्हणालो.

 गावची टेकडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. मी म्हणालो, "हो भाऊजी. कुठल्याही वर्षी." तेव्हा ते रडले, तोंड न लपवता, लहान मुलासारखे. मी गाडी जमेल तितकी हळू चालवत राहिलो, कारण त्यांना उतरवायला त्या रिकाम्या केलेल्या दोन खोल्यांशिवाय दुसरी जागा नव्हती.